बीम नक्की किती घेतो? एकाच सेक्शनला वेगवेगळ्या पद्धती लावल्याच्या नोंदी

७ ऑक्टोबर २०२४

सिंहगड रोडच्या सोसायटीचं ऑडिट आपल्याकडे आलंय. १९९१ ची बिल्डिंग, गच्चीवर सोलर टाकायचंय म्हणून कमिटीला "स्लॅब-बीम घेईल का" याचं लेखी उत्तर पाहिजे. जुनी ड्रॉइंग्ज मिळाली हेच नशीब, अमोनिया प्रिंट आहेत, घडीवर फाटलेत पण बीम शेड्यूल वाचता येतंय. काँक्रीट एम २० (क्यूबची ताकद २० एन/चौ.मिमी), सळया टोर म्हणजे एफई ४१५ (४१५ ला यील्ड होणारी, म्हणजे कायमची ताणली जाणारी), आणि खाली कोपऱ्यात डिझाइन वर्किंग स्ट्रेसनं, म्हणजे रोजच्या लोडला स्ट्रेस मर्यादेत ठेवायच्या पद्धतीनं, केल्याचं लिहिलंय. यात नवल काही नाही, आयएस ४५६ मधे, म्हणजे आपल्या काँक्रीटच्या कोडमधे, लिमिट स्टेट (सेक्शन मोडेल कधी याचा हिशोब करणारी पद्धत) १९७८ लाच आलं पण बऱ्याच ऑफिसांनी पुढे कितीतरी वर्षं हाताला बसलेली जुनी पद्धतच वापरली, आणि कोडनंही २००० पर्यंत ती मुख्य भागात ठेवली होती, मग परिशिष्ट ब मधे सरकवली.

सर म्हणाले नुसतं सॉफ्टवेअरमधे मॉडेल टाकून लाल-हिरवं (नापास-पास) बघू नकोस, एक सेक्शन घे आणि जेवढ्या पद्धती माहितीयत तेवढ्या लाव, मग कळेल लाल कशामुळे येतंय. म्हणून ही फाइल.

सेक्शन: २३० मिमी रुंद, ४५० खोल, इफेक्टिव्ह डेप्थ (दाबाच्या कडेपासून सळयांच्या मध्यापर्यंत) ४१०, तीन सळया १६ च्या म्हणजे ६०३ चौ.मिमी. अख्ख्या बिल्डिंगमधे हाच बीम सगळीकडे आहे, गच्चीखाली ४.२ मीटर स्पॅनला पण तोच आणि गॅलरीला दीड मीटर बाहेर काढलाय तिथेही तोच, फक्त तिथे सळया वर.

९ ऑक्टोबर

आधी आयताकृती धरून, स्लॅब विसरून.

लिमिट स्टेट. ताण ०.८७ गुणिले ४१५ गुणिले ६०३, म्हणजे २१७.७ केएन (किलोन्यूटन). काँक्रीटचा दाब ०.३६ एफसीके (क्यूबची ताकद) गुणिले रुंदी गुणिले एक्सयू (दाबाखालच्या भागाची खोली), त्यावरून एक्सयू १३१.५ मिमी. मर्यादा ०.४८ डी (डी म्हणजे इफेक्टिव्ह डेप्थ) म्हणजे १९६.८, म्हणजे आरामात अंडर-रीइन्फोर्स्ड, स्टील आधी यील्ड होणार. मोमेंट, म्हणजे सेक्शन पेलेल तो वाकवणारा जोर, ७७.२ केएनएम. १.५ नं भागलं की रोजच्या लोडला ५१.५.

वर्किंग स्ट्रेस. एम २० ला काँक्रीटचा परवानगीचा स्ट्रेस ७, मॉड्युलर रेशो (स्टील काँक्रीटच्या किती पट ताठ) १३.३३, स्टीलला २३०. न्यूट्रल ॲक्सिस (जिथे दाबही नाही, ताणही नाही ती रेघ) १३७.९ मिमीवर येतो आणि बॅलन्स्ड (काँक्रीट आणि स्टील एकदमच मर्यादेला पोचतात तो) ११८.४ वर आहे. म्हणजे इथे हाच बीम ओव्हर-रीइन्फोर्स्ड! काँक्रीट ७ ला पोचतं तेव्हा स्टीलमधे फक्त १८४ आहे, पुढचं स्टील हिशोबात फुकट जातं. मोमेंट ४०.४.

४०.४ आणि ५१.५. सव्वापट फरक, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एक पद्धत म्हणते काँक्रीट आधी संपेल आणि दुसरी म्हणते स्टील आधी यील्ड होईल. बीम तोच, सळया त्याच.

१० ऑक्टोबर

काल लिमिट स्टेटमधे हाताने ७७.२ आलं आणि कोडच्या परिशिष्ट ग मधल्या तयार सूत्रानं ७७.४. ०.२ कुठे गेलं? पॅराबोला आणि सरळ भाग नीट इंटिग्रेट केले तर क्षेत्रफळाचा गुणक ०.३६१६ येतो आणि सेंट्रॉइड ०.४१६ वर, आपण ०.३६ आणि ०.४२ असे गोल केलेले आकडे वापरतो. खरे आकडे टाकले की ७७.४ बरोबर जुळतं. प्रत्यक्षात याला काडीचं महत्त्व नाही, पण शीट तपासताना "दोन आकडे जुळत नाहीत" म्हणून कोणी अडकेल, म्हणून लिहून ठेवतोय.

१४ ऑक्टोबर

पट्ट्यांची पद्धत पायथॉनमधे लिहिली, फायबर मेथड म्हणतात ती. सेक्शनच्या आडव्या पट्ट्या पाडायच्या, वरच्या कडेला स्ट्रेन (लांबीच्या प्रमाणात पडलेला फरक) ०.००३५ धरायचा, न्यूट्रल ॲक्सिसचा अंदाज टाकायचा, प्रत्येक पट्टीच्या स्ट्रेनवरून तिचा स्ट्रेस, सगळ्यांची बेरीज, स्टीलशी तोल जुळेपर्यंत अंदाज वर-खाली करायचा. पन्नास पट्ट्यांनंतर दशांश हलत नाही. उत्तर ७७.४, व्हायलाच पाहिजे कारण कर्व्ह तोच दिलाय.

एक गोष्ट करताना जपा. टोरचा कर्व्ह सरळ जाऊन एकदम आडवा होत नाही, डिझाइन स्ट्रेसच्या ०.८ पटीपुढे वाकायला लागतो आणि पूर्ण ३६०.९ ला पोचायला स्ट्रेन ०.००३८ लागतो. एसपी १६ मधे (आयएस ४५६ च्या डिझाइन-टेबलांचं पुस्तक) त्याचे टप्पे दिलेत, तेच टेबल टाकलंय. या बीममधे स्टीलचा स्ट्रेन ०.००७ च्या वर आहे त्यामुळे फरक पडत नाही, कॉलममधे मात्र पडेल.

मग एवढा खटाटोप कशाला? आयताकृती बीमसाठी खरंच गरज नाही. पण एका सळईला गंज जास्त आणि दुसरीला कमी, किंवा जॅकेटिंग केलेला कॉलम, आत जुनं काँक्रीट बाहेर नवीन, तिथे सूत्र नाही, तिथे पट्ट्याच.

१६ ऑक्टोबर

आज अमेरिकन आणि युरोपियन. प्रोजेक्टला गरज नाही, पण लाल कशामुळे येतंय या सरांच्या प्रश्नाचं उत्तर यातच मिळालं असं वाटतंय म्हणून सविस्तर लिहितो.

एसीआय ३१८ मधे, म्हणजे अमेरिकन काँक्रीट कोडमधे, व्हिटनीचा चौकोनी ब्लॉक, १९३७ पासूनचा. खरा वक्र विसरा, ०.८५ एफसी डॅशचा (सिलिंडरची ताकद) एकसारखा दाब धरा, खोली बीटा-वन (ठरलेला गुणक) गुणिले सी (न्यूट्रल ॲक्सिसची खोली). त्यांचं काँक्रीट सिलिंडरवर मोजतात, आपलं १५० च्या क्यूबवर, त्यामुळे एम २० म्हणजे साधारण १६. (१६ त्यांच्या किमान १७ च्या खाली आहे, म्हणजे हे फक्त कागदावरचं गणित, कोणी खरंच एसीआयनं डिझाइन करू नका.) नॉमिनल मोमेंट ९२.६, क्षमता कमी करणारा गुणक फाय, ०.९, लावून ८३.३.

युरोकोड २, सी १६/२० (सिलिंडर १६, क्यूब २०), ब्लॉकची खोली ०.८ एक्स, काँक्रीट १.५ नं आणि स्टील १.१५ नं भागायचं. अल्फा-सीसी (काँक्रीटची ताकद कमी धरायचा गुणक) १ धरला तर ७९.६, ब्रिटिश पद्धतीनं ०.८५ धरला तर ७७.९. आपलं ७७.२. म्हणजे आपण आणि युरोप जवळपास एका पंगतीत, कारण आपला ०.६७ हा क्यूबवरून आणलेला आहे आणि ०.८५ गुणिले ०.८ म्हणजे ०.६८.

आता खरी गंमत. सगळ्यांचे सेफ्टी फॅक्टर काढून टाकले, १.५ नाही, १.१५ नाही, फाय नाही, नुसतं सेक्शन मोडेल कधी तेवढंच. आपला पॅराबोला: ९२.२. एसीआय: ९२.६. युरोकोड: ९२.६, आणि अल्फा १ धरला तर ९४.१. संपलं! ब्लॉकच्या आकारावरून कॉलेजात एवढा घोळ घालतात, वायव्हाला विचारतात, आणि अंडर-रीइन्फोर्स्ड बीमला फरक दोन टक्के. कारण मोमेंट म्हणजे स्टीलचा ताण गुणिले लिव्हर आर्म (ताण आणि दाब यांच्यातलं अंतर), ताण सगळीकडे तोच आणि आर्म ३६८ का ३७६ एवढाच वाद.

मग फरक राहतो तो सेफ्टी कुठे ठेवली याचा. आपण लोड सरसकट १.५ नं वाढवतो, एसीआय डेडला (बांधकामाचं वजन) १.२ आणि लाइव्हला (माणसं, सामान) १.६, युरोप १.३५ आणि १.५. डेड दोन भाग लाइव्ह एक भाग धरला तर सरासरी १.३३ आणि १.४. त्यानं भागून रोजच्या लोडवर आणलं की आपलं ५१.५, युरोपचं ५६-५७, अमेरिकेचं ६२.५. म्हणून कुणी "एसीआयनं पास होतोय" म्हटलं की पहिला प्रश्न: लोड फॅक्टर कुठले लावले? आपल्याकडे हमखास बघायला मिळतं की क्षमता एका कोडची आणि लोड दुसऱ्या कोडचा, यूट्यूबवरचं शीट उचललं की हेच होतं.

१७ ऑक्टोबर

वर्किंग स्ट्रेस मात्र या पंगतीत बसत नाही, कारण ती मोडण्याचा हिशोबच करत नाही. रोजच्या लोडला काँक्रीट सरळ रेषेत वागतं असं धरून स्ट्रेस मर्यादेत ठेवायचा एवढंच. ही विचारसरणी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची, क्वान्ये आणि द तेदेस्को यांची १८९४ ची मांडणी, आणि त्या काळासाठी भारीच होती, त्याआधी १८८६ मधे कोएनेननं न्यूट्रल ॲक्सिस सरळ मध्यावर धरला होता. अडचण ही की काँक्रीटला साधारण तीनपट राखीव आणि स्टीलला १.८ पट, म्हणजे दोन वेगळ्या राखीव ताकदी एकाच बीममधे. त्यामुळे जिथे काँक्रीट निर्णायक ठरतं तिथे ती फारच कंजूष होते, आणि जिथे स्टील निर्णायक तिथे बरोबर असते.

आमचे एक ज्येष्ठ म्हणायचे की वर्किंग स्ट्रेसची बिल्डिंग पडत नाही. पडत नाही हे खरं, पण त्यात निम्मं श्रेय त्या काळच्या जाड सेक्शनचं आणि हात राखून सळया टाकणाऱ्या ड्राफ्ट्समनचं.

२१ ऑक्टोबर

कोअरचे, म्हणजे बिल्डिंगमधून कापून काढलेल्या काँक्रीटच्या नमुन्यांचे, रिपोर्ट आले. करेक्शन लावून समतुल्य क्यूब स्ट्रेंथ १५ च्या आसपास. एम २० च्या ८५ टक्के म्हणजे १७ सरासरी पाहिजे, आणि एकही कोअर १५ च्या म्हणजे ७५ टक्क्यांच्या खाली नको. सरासरीतच बसत नाही. सेक्रेटरी काकांचा लगेच फोन, "म्हणजे बिल्डिंग गेली का हो?" त्यांना म्हटलं काका दोन दिवस थांबा.

शीटमधे १५ टाकला. लिमिट स्टेट ७७.२ वरून ७३.२, पाच टक्के घट. वर्किंग स्ट्रेस ४०.४ वरून ३२.३, वीस टक्के घट.

आता उलटं करून बघू. काँक्रीट २० च ठेवलं आणि सळई गंजून १६ ची १४.४ झाली असं धरलं. व्यास दहा टक्के गेला की क्षेत्रफळ एकोणीस टक्के जातं, हे काकांना सांगायचं राहूद्या, आपल्या पोरांनाही पटकन लक्षात येत नाही. लिमिट स्टेट ७७.२ वरून ६४.४, साडेसोळा टक्के घट. वर्किंग स्ट्रेस ४०.४ वरून ३७.५, फक्त सात टक्के.

हे महत्त्वाचं आहे म्हणून परत लिहितो. वर्किंग स्ट्रेसच्या नजरेनं कोअर रिपोर्ट म्हणजे संकट आणि गंज म्हणजे किरकोळ. लिमिट स्टेटच्या नजरेनं बरोबर उलटं. आणि मोडेपर्यंत लोड दिलेल्या अंडर-रीइन्फोर्स्ड बीमचं वागणं लिमिट स्टेटच्या बाजूचं आहे, आधी सळई यील्ड होते, भेगा रुंदावतात, बीम लोंबतो, मग वरचं काँक्रीट चुरतं. ऑडिटचे पैसे कुठे खर्च करायचे, अजून कोअर काढायचे का सळया उघडून मोजायच्या, हे कुठलं शीट उघडलंय त्यावर ठरायला लागलं तर अवघड आहे.

२३ ऑक्टोबर

गच्चीखालच्या बीमला स्लॅब आहे, तो विसरून कसं चालेल. टी-बीम धरला (स्लॅबची पट्टी म्हणजे फ्लँज, खालचा बीम म्हणजे वेब), फ्लँजची रुंदी स्पॅनच्या शून्य मोमेंटमधल्या अंतराचा सहावा भाग अधिक वेब अधिक सहा वेळा स्लॅबची जाडी, १२० चा स्लॅब, एकूण १६५० मिमी.

लिमिट स्टेट: एक्सयू फक्त १८ मिमी, मोमेंट ८७.६, भागिले १.५ म्हणजे ५८.४. वर्किंग स्ट्रेस: न्यूट्रल ॲक्सिस ५८.५, काँक्रीटमधे तीनच्या आतच स्ट्रेस, स्टील निर्णायक, ५४.२. भांडण मिटलं! आठ टक्क्यांचा फरक. आणि १५ चं काँक्रीट टाकलं तरी लिमिट स्टेट ८७.० देतं, म्हणजे कोअर रिपोर्टचा गच्चीखालच्या बीमशी जवळजवळ संबंधच नाही.

तीच १४.४ ची सळई टाकली की दोन्ही पद्धती साधारण एकोणीस टक्के खाली येतात, ४७.५ आणि ४४.१. इथे दोन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतायत.

लोड, चौ.मीटरला केएन: स्लॅब ३, कोबा (वॉटरप्रूफिंगचा विटांच्या तुकड्यांचा थर) २.५ धरला, लाइव्ह १.५, तीन मीटरची पट्टी, बीमचं वजन मीटरला १.९. एकूण २२.९ प्रति मीटर, सिंपली सपोर्टेड धरून ५०.५ केएनएम. मूळ ५४.२ होतं म्हणजे १९९१ च्या माणसानं बरोबर डिझाइन केलेलं, सलाम. सळई गंजलेली निघाली तर मात्र आत्ताच, सोलर न टाकताच, कमी पडतोय.

सोलर स्वतः चौ.मीटरला वीसेक किलो. बीमवर १.३ केएनएम. आणि तो गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा? १६.५ केएनएम! दर गळतीला जुन्यावर नवीन थर मारलाय, कडेला उंबरठा बुडत आलाय ते दिसतंच. कमिटी पॅनेलवरून वाद घालतेय आणि पॅनेलांच्या बारा-तेरा पट वजन कोब्याच्या रूपानं आधीच वर बसलंय.

२५ ऑक्टोबर

गॅलरीचा बीम. इथे स्लॅब ताणाच्या बाजूला, दाब खालच्या वेबमधे, म्हणजे खरोखर आयताकृती आणि ९ तारखेचे आकडे जसेच्या तसे लागू. गॅलरीला लाइव्ह लोड ३, पुढच्या कडेला कठड्याचं वजन धरून मोमेंट ३३.५.

वर्किंग स्ट्रेस, १५ चं काँक्रीट: ३२.३, नापास. लिमिट स्टेट: ४८.८, पास. ऑडिटवाल्यानं कुठली पद्धत वापरली यावर गॅलरी पाडायची का ठेवायची ठरणार. माझं मत पासच्या बाजूनं, काँक्रीटमुळे ही गॅलरी पडणार नाही.

पण मला धाकधूक वेगळीच आहे. कँटिलिव्हरमधे (एकाच बाजूनं आधार असलेला बीम) वरच्या सळया ओतताना मजूर त्यावर पाय देऊन जातात आणि जाळी खाली बसते, ड्रॉइंगवर ४१० असतं आणि प्रत्यक्षात काय असतं ते देव जाणे. ३७० धरलं तर ७३.२ चं ६४.५ होतं, बारा टक्के, आणि एक्सयू मर्यादेला टेकतो. वरून लाद्यांतून पाणी झिरपून गंज. हे दोन्ही कोअरमधून कळत नाही. कव्हर मीटर (सळई किती आत आहे ते वरून दाखवणारं यंत्र) फिरवायचा आणि दोन ठिकाणी लादी काढून सळई उघडी करायची, दिवाळी झाल्यावर, नाहीतर लोक घरात घेणार नाहीत.

२८ ऑक्टोबर

कॉलम. २३० बाय ४५०, सहा सळया १६ च्या. सगळ्यांच्या तोंडी असलेलं सूत्र, ०.४ एफसीके एसी अधिक ०.६७ एफवाय एएससी (एसी काँक्रीटचं क्षेत्रफळ, एएससी सळयांचं, एफवाय स्टीलचा यील्ड स्ट्रेस): ११५४ केएन. पण ते सूत्र वापरायला किमान एक्सेंट्रिसिटी (लोड मध्यापासून जेवढा सरकलेला धरायचा ते अंतर) बाजूच्या ०.०५ पटीच्या आत पाहिजे. किमान २० मिमी, आणि २३० चा ०.०५ म्हणजे ११.५. बसतच नाही. बाजू ४०० च्या खाली असली की कधीच बसणार नाही, म्हणजे विटेच्या भिंतीत लपवलेल्या आपल्या सगळ्या नऊ इंची कॉलमना हे सूत्र लागू नाही, आणि तरी थंब रूल म्हणून सर्रास वापरतात. (नवीन काम असतं तर भूकंपासाठीच्या आयएस १३९२० कोडची २०१६ ची आवृत्ती ३०० च्या खाली जाऊच देत नाही.)

पट्ट्यांच्या पद्धतीनं, २० मिमी एक्सेंट्रिसिटीला न्यूट्रल ॲक्सिस जवळजवळ बरोबर कडेवर येतो आणि क्षमता १०५० च्या आसपास. नऊ टक्के कमी. रोजच्या लोडला ७००, वर्किंग स्ट्रेसचं साधं सूत्र ७४१ देतं. म्हणजे इथे चक्क जुनी पद्धत जास्त उदार! आणि कॉलममधे काँक्रीट निर्णायक, त्यामुळे १५ च्या कोअरची काळजी करायची जागा ही. पुढचे कोअर तळमजल्याच्या कॉलममधून, बीममधून नाही.

११ नोव्हेंबर

गॅलरीच्या दोन लाद्या काढल्या. मिस्त्रीनं छिन्नी लावल्यावर पापुद्रे हातात आले, वायर ब्रश मारून व्हर्निअर लावला. टोरला बरगड्या असतात म्हणून दोन बरगड्यांच्या मधे मोजायचं, नाहीतर गंजलेली सळई पण १६ चीच भरते. एका गॅलरीत सळई शाबूत आणि डेप्थ ३९५. दुसरीत, जिथे वॉशिंग मशीनचा पाइप गॅलरीत सोडलाय, तिथे १३.९ आणि १४.२ च्या सळया, डेप्थ ३७५. फायबर शीटमधे प्रत्येक सळई वेगळी टाकून ४० च्या खाली येतंय, रोजच्या लोडला. ३३.५ ला पास, पण गंज चालूच राहणार म्हणून दुरुस्तीच्या यादीत.

१३ नोव्हेंबर

रिपोर्टचा मसुदा सरांकडे. सोलरला परवानगी, अट एकच की निम्मा कोबा काढून हलकं वॉटरप्रूफिंग, त्यानं मोमेंट सोलरसकट ४३.५ वर येतो आणि १४.४ च्या सळईलाही पुरतो. प्रत्येक टेबलात दोन्ही पद्धतींचे आकडे रोजच्या लोडवर आणून शेजारी शेजारी ठेवलेत, आणि कुठे काँक्रीट निर्णायक कुठे स्टील याचा एक रकाना. सर म्हणाले तो रकाना आधी टाक, आकडे नंतर.

शिअर (बीम कापू पाहणारा जोर) राहिलंय. जुन्या डिझाइनमधे बेंट-अप, म्हणजे टोकाकडे वर वाकवलेल्या, सळयांवर बराच भरोसा दिसतोय आणि रिंगा ६ च्या, लांब लांब, आणि आत्ताचं कोड बेंट-अपला शिअर स्टीलच्या निम्म्यापेक्षा जास्त वाटा देत नाही. त्याची शीट पुढच्या आठवड्यात, आणि तिथे पद्धतींचा फरक बेंडिंगपेक्षा मोठा निघेल असा माझा अंदाज आहे.